पाणी न लावलेलं जॅकेट

शकूच्या घरात एक नियम होता आणि तो तिच्या सासूच्याही सासूपासून चालत आला होता. दर्यातून जे काही घरात येईल त्याला आधी गोडं पाणी दाखवायचं. दोर असो, जाळं असो, इंजिनाचा पाना असो, नाहीतर नवरा असो. मीठ अंगावर राहिलं की ते गुपचूप खातं. वरून काही दिसत नाही आणि एक दिवस वस्तू हातात तुटून येते. उत्तनजवळच्या त्यांच्या पाली गावात कुठल्याही घरात विचारलंत तरी हेच सांगतील. म्हणून मनालीनं जेव्हा सांगितलं, की बाबांना दिलेलं हे जॅकेट शिमग्यापर्यंत धुवायचं नाही, तेव्हा शकूला वाटलं पोरगी थट्टा करतेय.

"दर्यावर न्यायचा आनी पानी न्हाय लावायचा?" तिनं विचारलं.

"दर्याचं उडेल ते उडू दे. तू लावू नकोस," मनाली म्हणाली. "भिजवायचं नाही, घासायचं नाही, काही नाही. मी सांगेन तेव्हा बघू."

मनाली ही शकूची धाकटी. भाईंदर पूर्वेला जॅकेटं शिवणारा एक कारखाना आहे, तिथं ती सॅम्पल खात्यात होती. उत्तम मास्तर म्हणून तिथले जुने कटिंग मास्तर आहेत, त्यांच्या हाताखाली पॅटर्न काढायला शिकत होती. पॅटर्न म्हणजे कपड्याचा नकाशाच. पाठ, छाती, बाही, कॉलर, सगळे तुकडे आधी कागदावर आखायचे आणि मग कापडाला कात्री लावायची. हे डेनिमचं जॅकेट तिनं कॉलरपासून कफापर्यंत स्वतः आखलेलं पहिलं. मालक हितेशभाईंना खरोखर वापरलेला एक नमुना हवा होता, म्हणजे कापड माणसाच्या अंगावर कुठं कुठं घासतं ते बघून पुढच्या मालाचा रंग तसा उतरवता येतो. आधी ऑफिसातल्या एकाला घालायला दिलं होतं, तर ते फक्त खुर्चीला टेकून पाठीवर घासलं. मग मनालीनं आपल्या बापाचं नाव पुढं केलं.

तिचा बाप धर्मा. पिढीजात कोळी, स्वतःची बोट, वय साठीला टेकलेलं, आणि तोंड असं की कुणाला ताकास तूर लागू द्यायचा नाही. आदल्या वर्षी शेजारच्या हरिश्चंद्राचा हात जाळं ओढताना सुटला आणि तो पाण्यात गेला. पोरांनी त्याला वर काढला, जीव वाचला, पण फासळ्या मोडल्या आणि तेव्हापासून तो घरच्या पायरीवर बसून असतो. त्या दिवशी शकूनं नवऱ्याला सांगितलं, आता पुरे, बोट धनेशच्या हाती द्या. धनेश म्हणजे थोरला, बापाबरोबर बोटीवरच असतो. धर्मा म्हणाला, "ज्या दिवशी हात सांगंल ना, त्या दिवशी मीच दीन. एकवीरा आयची शपथ." शकूच्या मनातली टोचणी मात्र गेली नाही. हात सांगेल खरं, पण सांगेल कुणाला? धर्मालाच ना? आणि धर्मा काय, ताप आला तरी 'जरा ऊन लागलं' म्हणणारा माणूस. तेव्हापासून ती त्याच्या हातांकडे बघत राहायची, जेवताना, जाळं शिवताना, अगदी आरती करतानासुद्धा. कळत मात्र काही नव्हतं.

जॅकेटामुळं तिला निदान बघायला दुसरं काहीतरी मिळालं. मुळात शकूला कुठलीही वस्तू आतून बघितल्याशिवाय चैन पडत नसे. लग्नानंतर पहिल्या वर्षी तिनं सासऱ्यांचा रेडिओ उघडला होता आणि ते प्रकरण अजून नातेवाइकांत निघतं. तिनं जॅकेट जमिनीवर ठेवलं, तर ते पडेना, तसंच ताठ बसून राहिलं. तिनं ते उलटं केलं. बाहेरून गडद निळं, आतून पांढुरकं.

"हे कसं गो? एका अंगानं निळा, एका अंगानं पांढरा?"

मनालीनं आतल्या शिवणीजवळचा एक धागा उपसून दिला. "उभा धागा निळा असतो, आडवा पांढरा. वीण तिरकी, म्हणून निळा वर दिसतो. आता हा निळा उलगडून बघ."

शकूनं नखांनी पीळ सोडवला. धाग्याच्या पोटात पांढरं होतं.

"निळीत बुडवतात, हवेत धरतात, परत बुडवतात. रंग वरवर बसतो, आतपर्यंत जात नाही. म्हणून जिथं घासेल तिथं आतला पांढरा वर येतो. प्रत्येकाच्या अंगावर वेगळा. आणि ही खळ आहे ना, तिच्यामुळं एकदा पडलेली घडी तशीच राहते, तिच्यावरच घासत जातं. मधेच धुतलंस तर घड्या मोडतील."

शकूला हे पटलं आणि आवडलंही. धर्माला मात्र त्यात काही रस नव्हता. जॅकेट त्याच्या पाठीला लावून बघितलं तर चांगलंच ढगळ. मनाली म्हणाली, पहिल्या पाण्याला कापड आटतं, आटण्याचं माप आधीच धरलंय. "घालून तरी दाखवा," शकू म्हणाली. "बोटीवर घालीन," धर्मा म्हणाला, जॅकेट खांद्यावर टाकलं आणि निघाला.

आता इतकं कळल्यावर शकू घरात बसते होय? एक दिवस मासळी लवकर विकली गेली, तशी तिनं उत्तनहून भाईंदरची बस धरली, स्टेशनचा पूल ओलांडला आणि रिक्षा करून लेकीच्या कारखान्यात जाऊन उभी राहिली. हातात मास्तरांसाठी सुक्या बोंबलांची पुडी. हितेशभाई कांदा-लसूणसुद्धा न खाणारे. मनालीनं ती पुडी ज्या चपळाईनं काढून घेऊन जिन्यातल्या खिडकीबाहेर टांगली, ती बघण्यासारखी होती.

उत्तम मास्तरांनी मात्र शकूला हौसेनं सगळं दाखवलं. लांबच लांब टेबलावर कापडाचे थर एकावर एक अंथरलेले. वर मनालीच्या हातचा कागदी नकाशा, सगळे तुकडे एकाच दिशेला तोंड करून. एक जरी उलटा लागला तरी तिरकी वीण दुसरीकडं झुकते आणि उन्हात तो तुकडा वेगळ्या रंगाचा दिसतो. पुढं शिलाई. दोन कापडांच्या कडा एकमेकींत दुमडून वरून टिपेच्या दोन रांगा, म्हणजे आत एकही दशी सुटी राहत नाही. खिशाच्या कोपऱ्यांवर दाट टाके घातलेले, कारण खिसा तिथूनच फाटतो. शकूनं एका शिवणीला दोन्ही हातांनी ताण देऊन बघितला आणि समाधानानं मान हलवली.

"बाही सरळ का नाही?" तिनं एक तुकडा उचलून विचारलं. "वाकडा कापलाय."

"ताई, हात खाली सोडा," मास्तर म्हणाले. "बघा, थोडा पुढं झुकतो ना? म्हणून बाही पण झुकलेली कापायची. हँगरला लटकवायची बाही वेगळी आणि काम करणाऱ्या माणसाची वेगळी. पाठीला या दोन चुण्या पण त्याच्यासाठीच. हात पुढं गेला की त्या उघडतात."

शकूनं हात खाली सोडला, पुढं केला, मागं केला. इतकी वर्षं हा हात आपल्याच अंगाला लागून आहे आणि तो झुकतो हे आपल्याला आज कळावं, याचं तिला हसू आलं.

मग ती घासकामाच्या खोलीत गेली आणि तिचं हसू थांबलं. तोंडाला फडकी बांधलेली माणसं कोऱ्या करकरीत जॅकेटांची कोपरं पॉलिश पेपरनं खसाखसा घासत होती.

"नवा कपडा खराब कशाला करताव?"

हितेशभाई शेजारीच उभे होते. "मावशी, काय करणार? पब्लिकला पैसे नव्याचे द्यायचेत, पण दिसायला जुनं पाहिजे."

"मंग आमच्या गावात या. जुना लय हाय, फुकट न्या."

हितेशभाई दिलखुलास हसले. मास्तरांनी कपाटातून वापरलेली चार जॅकेटं आणली, तिच्यापुढं पसरली आणि म्हणाले, सांगा बघू कोण कसा. शकूनं एकेक हातात घेतलं. हा एकाच खांद्यावर बॅग टाकतो, पट्ट्याची वाट दिसतेय. हा मोबाइल या खिशात ठेवतो, चौकोन उठलाय. याचे कफ आतून घासलेत, म्हणजे टेबलावर लिहिणारा. चौथं हाती घेऊन ती थांबली आणि म्हणाली, हा कुनीच घातलेला न्हाय, दोन्ही कोपरं सारखी हायेत. मास्तर म्हणाले, ते आम्हीच घासलेलं. परत येताना बसमध्ये तिनं वाटेतल्या डोंगरी गावापर्यंत प्रत्येक चढणाऱ्या-उतरणाऱ्याचे कपडे वाचले. एका बाईनं वैतागून पदर सावरला, तेव्हा कुठं तिनं नजर खिडकीबाहेर वळवली.

थंडी आली. धर्मा पहाटे जॅकेट डाव्या खांद्यावर टाकून निघायचा आणि परत यायचा तेव्हाही ते तसंच खांद्यावर असायचं. अंगात मात्र शकूला कधी दिसलं नाही. तिला वाटलं, या वयात फॅशनचा कपडा, लाजत असेल. तिनं चिडवून घेतलं. "बंदरावर कुनाला दाखवताव? आमाला बी दाखवा की." धर्मा नुसता हुं म्हणायचा. धनेशला विचारलं तर तो सांगायचा, घालतात ना, रोज घालतात. मग तिनं विषय सोडला. हातांकडे बघणं मात्र सोडलं नाही, आणि हात तर ताट धरत होते, सुई धरत होते, सगळं नीट होतं.

थंडी सरली तसं जॅकेट खुंटीला लागलं. शिमगा जवळ आला. शकूनं घर साफ करायला काढलं, भिंती पुसल्या, भांडी घासली आणि खुंटीपाशी येऊन अडली. जॅकेटाच्या कॉलरवर मिठाची पांढरी रेघ धरली होती. तिनं बोट लावून जिभेवर ठेवलं. खारट. तिनं स्वतःला समजावलं, की मनाली शिकलेली आहे, तिला कळतं. झाडू मारला, परत आली. मीठ तिथंच. आपल्या घरात, सणाच्या तोंडावर, दर्याचं मीठ भिंतीला टांगून ठेवायचं आणि वर त्याला हात लावायचा नाही, हे तिच्यानं होईना. मनाली दुपारपर्यंत येणार होती, पण सवयीपुढं शहाणपण चालत नाही. साबण नाही, ब्रश नाही, नुसतं गोडं पाणी, असं मनाशी म्हणत तिनं टब भरला आणि जॅकेट आत सोडलं.

पाणी बघता बघता निळं झालं. शकूचं धाबं दणाणलं. पोरीची सगळ्या हंगामाची मेहनत आपण नाल्यात ओतली, असं वाटून तिला रडूच फुटलं. तिनं जॅकेट न पिळता उचललं आणि मागं, बोंबील वाळत घालायच्या बांबूंवर, हात पसरून टाकलं. मग पायरीवर बसून त्याच्याकडं बघत राहिली, दुसरं करण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

ऊन चढलं. कापड वाळायला लागलं तसा त्याचा रंग बदलू लागला. घड्या मोडल्या नव्हत्या. उलट वरची मिठाची आणि डिझेलची पुटं गेली होती आणि खालून पांढऱ्या रेषा उजळून येत होत्या. आधी डाव्या कोपरावरच्या, बोटांसारख्या फाकलेल्या. मग डाव्या खांद्यावरची वाट, दोराची, रुंद आणि खूप घासलेली. शकूचा जीव भांड्यात पडला. ती हरखून उठली, जवळ गेली आणि मास्तरांनी लावलेल्या सवयीनं ते जॅकेट वाचायला लागली.

दोराची वाट डाव्या खांद्यावर. उजवा खांदा तसाच निळा, दुकानातून आणल्यासारखा.

पण धर्मा दोर उजव्या खांद्यावर घेतो. लग्न झालं तेव्हा त्याच्या उजव्या खांद्यावर घट्टा होता, तो अजून आहे, तिनं तेल लावताना हजारदा हात फिरवलाय त्यावरून. तिनं उजवी बाही हातात घेतली. कोपराला घडीच नाही. त्याऐवजी उजव्या बगलेखाली, कमरेच्या बाजूला, एक पांढरा डाग, जिथं कोपर अंगाशी दाबून धरलं तर घासेल तिथंच. तिनं खिसे बघितले. तंबाखूच्या डबीचं गोल वळं छातीच्या उजव्या खिशावर उठलं होतं. जन्मभर त्याची डबी डाव्या खिशात असायची. ती स्वतः त्याच्या सदऱ्यांचा डावा खिसा दुहेरी शिवून घ्यायची. उजव्या खिशातली डबी काढायला डावाच हात लागतो.

हात नीटच होते. खांदा गेला होता. आणि आता तिला कळलं, तो जॅकेट घरात का घालत नाही. दुखरा हात बाहीत घालताना तोंड वाकडं झालं असतं आणि ते तिनं पाहिलं असतं. तिला राग आला, इतका की तिनं बांबूलाच एक थप्पड मारली. मग त्या रागामागोमाग कीव आली, आणि भीती. सगळा हिवाळा हा माणूस एका खांद्यावर दर्यावर गेला होता आणि मी इथं त्याला चिडवत होते, असं तिला वाटलं.

मनाली आली ती थेट मागच्या दारी. "आई, तू धुतलंस?" तिचा आवाज चढला आणि जॅकेट बघून तिथंच उतरला. ती जवळ आली. "किती छान उतरलंय गं," ती म्हणाली. मग तिची बोटं डाव्या खांद्यावरून उजव्यावर गेली आणि थांबली. "पण मास्तर विचारतील, बाबा डावरे आहेत का."

"न्हायत," शकू म्हणाली.

मनालीचे डोळे भरले. "आई, मी विचारू त्यांना?"

"नको. विचारलास तर ऊन लागला म्हनतील. मी बघते. तू ह्यो घेऊन जा, तुझा काम कर. पन सनाला परत आन."

पुढचे दिवस शकू घरात काही बोलली नाही. तिची बडबड घरादाराला सवयीची होती, ती थांबल्यावर सगळ्यांना धडकी भरली. धर्मानं दोनदा विचारलं, काय गो, बरा हाय ना? ती म्हणायची, जरा ऊन लागलं.

शिमग्याला बोटी किनाऱ्याला लागल्या होत्या, पताका लावून, नव्यानं रंगवून. बायका नाकात नथ घालून पूजेची ताटं घेऊन उतरल्या होत्या. धनेश बोटीच्या पुढच्या टोकाला, नाळेला, हार बांधत होता. हरिश्चंद्रही काठी टेकत येऊन बसला होता. मनाली कारखान्यातून आली, पिशवीत जॅकेट. हितेशभाईंनी फोटो काढून घेतले, मापं घेतली, ती हळू आवाजात आईला सांगत होती. पुढच्या मालात उजवा खांदाही डाव्यासारखाच करा म्हणाले, नाहीतर गिऱ्हाइकाला वाटेल माल खराब आहे.

"करू दे," शकू म्हणाली. "दुखना कशाला इकायचा."

तिनं जॅकेट झटकलं आणि धर्माच्या मागं जाऊन, दोन्ही हातांनी ते उघडून धरलं. "घाला."

"आता? उकडतंय किती."

"पोरीनं शिवलाय. सनाचा दिस हाय. घाला."

आजूबाजूची माणसं बघायला लागली. बोटीवरचे खलाशी, भावजया, हरिश्चंद्र. धर्मानं मान वळवून शकूकडं पाहिलं. तिनं डावी बाही खाली सोडली होती आणि उजवी धरून उभी होती, खांद्यापर्यंत नाही, अगदी खाली, कमरेशी, जिथं न उचलता हात जाईल अशी. धर्मानं ते पाहिलं.

मग त्यानं उजवा हात आधी घातला.

शकूनं बाही हळूहळू वर घेतली, लहान पोराला सदरा घालतात तशी. हात अडेल असं तिला वाटलं होतं, पण तो सरळ गेला. धर्मालाही नवल वाटलं. त्यानं काखेत चाचपून बघितलं.

"हितं काय केलंस गो पोरी?"

"शिवण उसवून चौकोनी तुकडा घातला, बाबा," मनाली म्हणाली. "जागा ठेवली थोडी."

धर्मानं डावी बाही घातली. एका पाण्यात आटून जॅकेट त्याच्या अंगावर बरोबर बसलं होतं. "कुनी सांगितला?" त्यानं शकूला विचारलं, इतरांना ऐकू जाणार नाही असं.

"पान्यानं. गोड पानी लावला मी."

उजव्या खिशातून त्यानं डाव्या हातानं डबी काढली, तशीच हातात धरली, आणि नाळेवर चढलेल्या धनेशला हाक मारली.

"धनेश, बोट आता तुझी. परवापासून मी न्हाय येत," तो म्हणाला. "हातानं कवाच सांगितला व्हता. मीच ऐकत नवतो."